जुन्या मोटरहोमचा पाण्याचा काटा: काय मोजायचं, कुठे मोजायचं, कधी थांबायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २००४ च्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं मोटरहोम तुम्ही गोव्यात पर्वरीला विकत घेतलं. केरीहून चोर्ला घाट चढताना डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा नेहमीसारखा मध्यावर होता. वरच्या वळणांवर तो एकाएकी थंडच्या खुणेकडे घसरला. तुम्हाला वाटलं, गाडी निवली. मिनिटा-दोन मिनिटांत पुढून वाफ आली. आता हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, त्याच्या खालचं पॅकिंग) बदलून झालं आहे. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बाद होता, आणि पुन्हा त्रास नको म्हणून थर्मोस्टॅटच (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकू. तुम्ही विचारताय की डिजिटल मीटर कुठला घ्यावा, तो कुठे बसवावा आणि किती आकड्याला गाडी थांबवावी.

सेन्सर बहुधा चांगला आहे. काटा घसरला तेव्हाही तो त्याचं काम करत होता. सेन्सरचं पितळी टोक ज्याला टेकलेलं असतं, त्याचंच तापमान तो सांगतो. कूलंट (इंजिनात फिरून ते थंड ठेवणारं पाणी) भरलेलं असेपर्यंत ते टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. होज फुटला, क्लिप सुटली, पातळी हेडच्या खाली उतरली की तेच टोक हवेत राहतं. हवा उष्णता नीट पोचवत नाही, म्हणून काटा खाली येतो. त्याच वेळी शेजारचं हेड, ज्याच्यातून पाणी फिरायचं थांबलंय, भराभर तापत जातं. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असताना हेड गॅस्केट जायला मग काही मिनिटं पुरतात. म्हणून चढावर काटा कारण नसताना खाली आला, तर तो वर गेल्यापेक्षा जास्त गंभीर समजा आणि लगेच बाजूला घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: पाण्यात बसवलेल्या एकट्या सेन्सरच्या भरवशावर हे इंजिन वाचत नाही, मग मीटर कितीही महाग असो. पाण्याचं तापमान, हेडच्या धातूचं तापमान आणि पाण्याची पातळी, तिन्हीवर नजर हवी, आणि तिन्हींपैकी काहीही बिघडलं तर कानाशी बझर वाजला पाहिजे. मी फोंड्याला डिझेल इंजिनांचं काम करतो. बसगाड्या, जनरेटर, आणि हंगामात मालीम नि कुटबणच्या ट्रॉलरांची इंजिनं. ट्रॉलरवर इंजिन खाली असतं आणि तांडेल वर सुकाणूवर, त्यामुळे तिथे काट्यापेक्षा भोंग्याला महत्त्व. घाटातल्या ड्रायव्हरची गत वेगळी नसते. चोर्ल्याच्या वळणावर समोरून बस येत असताना कोण मीटर बघतो?

नवीन काही घेण्याआधी आहे ते तपासून घ्या. सेन्सर काढा, त्याचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडेल असं तारेनं टांगा, मल्टीमीटर ओमवर लावून एक टोक सेन्सरच्या पिनला आणि दुसरं त्याच्या पितळी अंगाला धरा. भांड्यात स्वयंपाकघरात वापरतात तसा एक प्रोब थर्मामीटरही ठेवा. पाणी तापवत ४०, ६०, ८० आणि उकळीला आकडे लिहून घ्या. तापमान वाढलं की ओम कमी होत गेले पाहिजेत, सलग, मध्ये उडी न मारता. पर्वरीला पाणी व्यवहारात १०० अंशांनाच उकळतं, त्यामुळे तुमचा थर्मामीटरही त्याच भांड्यात तपासला जातो. हेच चोर्ल्याच्या माथ्यावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर केलंत, तर उकळी ९७ च्या आसपास येईल. हा फरक लक्षात ठेवा, तो खाली परत लागणार आहे.

मग वायरिंग. इग्निशन चालू करून सेन्सरची वायर काढा: काटा थंडकडे गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा: काटा गरमकडे धावला पाहिजे. लगेच काढा, धरून ठेवू नका. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक. पुढची चाचणी रात्री करा. इंजिन गरम आणि काटा स्थिर असताना हेडलाइट आणि ब्लोअर लावा. काटा हलला तर पाणी तापलेलं नाही, अर्थिंग खराब आहे. जुन्या डॅशबोर्डमध्ये पेट्रोल-डिझेलच्या आणि पाण्याच्या काट्याला व्होल्टेज एकाच छोट्या रेग्युलेटरमधून जातं. दोन्ही काटे एकदमच वर किंवा एकदमच खाली दाखवायला लागले तर दोष त्या रेग्युलेटरचा. किनाऱ्यालगत, मोरजी-मांद्रे पट्ट्यात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत मला सर्वांत जास्त सापडतं ते हेच: कनेक्टरवर हिरवट गंज आणि बॉडी-इंजिन जोडणारी अर्थची पट्टी आतून कुजलेली. ती पट्टी नवीन टाका, दोन्हीकडचा रंग खरवडून. सेन्सर परत लावताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळू नका. एकाच वायरीच्या सेन्सरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं.

आता जागा. पाण्याचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला हवा. बाजारात वरच्या होजमध्ये घालायचा ॲल्युमिनियमचा तुकडा मिळतो, मध्ये आटे पाडलेला. होज कापा, तुकडा घाला, दोन क्लिपा आवळा, झालं. सोपं आहे, म्हणूनच सगळे तेच करतात. पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर त्या होजमध्ये गरम पाणी येतच नाही. इंजिन आत शिजत असतं आणि मीटर ५५ दाखवतो. शिवाय तो तुकडा दोन्हीकडून रबरानं वेगळा पडलेला असतो, त्याला अर्थची वेगळी वायर ओढली नाही तर आकडा चुकीचा येतो. दुसरा काहीच मार्ग नसेल तरच ती जागा घ्या.

तुमचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाच्या कुळातलं, बजाज टेम्पोनं परवान्यावर बनवलेलं. हेडवर किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या इंजिनाकडच्या बाजूला बंद केलेला प्लग आहे का बघा. नसेल तर हीटरचा पाइप जिथून निघतो ती जागा पाहा. तिथे थर्मोस्टॅट बंद असतानाही गरम पाणी फिरत राहतं, टी-जोड घालून सेन्सर छान बसतो. एक गोष्ट मात्र आधी तपासायची. आपल्याकडे हीटर कोण लावतो, या विचारानं गोव्यातल्या बऱ्याच गाड्यांची हीटरची लाइन कुणीतरी बोल्ट ठोकून बंद केलेली असते. बंद लाइनमध्ये पाणी फिरत नाही, तिथे सेन्सर बसवला तर तो उशिरा आणि कमीच सांगणार. लाइन उघडून घ्या. हीटर चालता असणं घाटात उपयोगी पडतं, त्याचं कारण पुढे येईल. आटे मोजल्याशिवाय सेन्सर घेऊ नका. ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर लावून टोक पाण्याच्या प्रवाहापासून दूर राहिलं की सगळी मेहनत वाया.

धातूसाठी के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर) घ्या, बोल्टखाली वॉशरसारखं बसणाऱ्या रिंगचं. ते हेडवर एखादी ब्रॅकेट धरणाऱ्या बोल्टखाली लावा, हेडच्या मुख्य बोल्टखाली कधीच नाही, कारण तिथे रिंग घातली की आवळणी बिघडते. जागा शक्यतो मागच्या सिलिंडरजवळची. वॉटर पंप पुढे असतो, मागचं टोक त्याच्यापासून सर्वांत लांब. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून मात्र जमेल तितकं दूर राहा. वायर कमी पडली तर साधी तांब्याची वायर जोडू नका, के-टाइपचीच वायर मिळते ती वापरा, नाहीतर जोडाच्या तापमानाप्रमाणे आकडा हलतो. या सेन्सरचा आकडा पाण्याच्या आकड्याशी जुळणार नाही. जुळावा अशी अपेक्षाही ठेवू नका. दोघांत रोज किती अंतर असतं ते माहीत करून घ्या. ते अंतर अचानक वाढलं, पाणी खाली आणि धातू वर, की तुमच्या चोर्ल्याच्या दिवसासारखी स्थिती आहे हे मिनिटाभरात कळेल, वाफ यायच्या आधी.

पातळीचा सेन्सर लोक बाटलीत बसवतात, इथे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. तुमच्या रेडिएटरवर प्रेशर कॅप असेल आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली असेल, तर त्या बाटलीतली पातळी रेडिएटरबद्दल काही सांगत नाही. कॅपमध्ये दोन झडपा असतात: एक दाब वाढला की पाणी बाहेर सोडते, दुसरी गाडी निवताना ते परत आत ओढू देते. दुसरी अडकली की बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा. अशा गाडीचा मालक रोज बाटली बघून समाधानी असतो. म्हणून पातळीचा प्रोब रेडिएटरच्या वरच्या टाकीतच हवा. टाकी पितळेची असेल तर रेडिएटरवाला आटे पाडून डाग देऊन देईल. आणि रोज सकाळी इंजिन गार असताना कॅप उघडून बोटानं बघायची सवय ठेवा, सेन्सर असला तरी.

मीटर कुठला, या प्रश्नाला मी सर्वांत कमी महत्त्व देतो. तारेच्या नळीचा यांत्रिक मीटर, ४० ते १२० अंशांचा, ट्रॅक्टर आणि जनरेटरच्या दुकानात मिळतो. त्याला वीज लागत नाही आणि तो वर्षानुवर्षं चालतो. फक्त त्याची नळी कुठे मुडपू नका. डिजिटलमध्ये दोन चॅनेलचा, म्हणजे दोन सेन्सर वाचणारा, स्वतःचा अलार्म असलेला कुठलाही चालेल, पण १२५ अंशांपर्यंत वाचणारा घ्या. स्वस्तातले काही ११० ला संपतात, म्हणजे गरज लागते तेव्हाच ते गप्प. पुरवठा इग्निशननंतरच्या लाइनवरून, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज. यासोबत जनरेटरवर असतो तसा पाण्याच्या तापमानाचा साधा स्विच बसवा, ठरावीक अंशाला जोडला जाणारा, आणि त्याला थेट बझर द्या. त्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, त्यामुळे डिस्प्ले बंद पडला तरी तो वाजणार. किती अंशाचा, ते त्याच्या अंगावर कोरलेलं असतं, वाचून घ्या. जुन्या डॅशबोर्डच्या काट्यावरही आता उपकार करा: डिजिटल आकडा ८२ असताना, ९० असताना, ९८ असताना काटा कुठे असतो तिथे काचेवर बारीक खुणा करा. बिनआकड्यांचा काटा एकदम कामाचा होतो.

किती आकड्याला थांबायचं हे कॅप ठरवते, म्हणून आधी कॅप. ती कुकरच्या शिटीसारखी दाब धरून उकळी लांबवते. ०.९ बारची कॅप (काहींवर १३ लिहिलेलं असतं, ते पौंडात) चांगली असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर आणखी वर. कॅपचं रबर फुगलं, स्प्रिंग मेली, की दाब शून्य. मग साधं पाणी पर्वरीला १०० ला आणि चोर्ल्याच्या माथ्यावर ९७ ला उकळतं. एकच आकडा, समजा १०१, एका गाडीत निश्चिंत आणि दुसरीत उकळीच्या पलीकडचा. आणि हेडच्या आत, ज्वलनकक्षाच्या भिंतीलगत, पाणी सेन्सरच्या जागेपेक्षा नेहमीच जास्त गरम असतं. उकळी तिथे आधी फुटते, बुडबुडे धातूला झाकतात, आणि तेवढा भाग उघडा पडल्यासारखा तापतो. नवी कॅप मीटरपेक्षा कितीतरी स्वस्त येते. ती पहिल्यांदा बदला, मूळच्याच दाबाची. जास्त दाबाची लावली तर जुने होज आणि हीटरचं कॉइल फुटेल.

चांगली कॅप, निम्मं-निम्मं कूलंट आणि ८० किंवा ८२ चा थर्मोस्टॅट धरून मी अशा गाडीला पहिला बझर १०२ ला लावतो आणि १०७ ला थांबायचंच, असं मालकाला सांगतो. हे सुरुवातीचे आकडे. खरे आकडे तुमची गाडी देईल. त्यासाठी एक छोटी वही ठेवा. पर्वरी ते म्हापसा सपाटीवर, मग फर्मागुढीचा चढ, मग दक्षिणेत काणकोणच्या वाटेवरचा करमळ घाट, आणि ते सगळं समाधानकारक असेल तरच अनमोड किंवा चोर्ला. प्रत्येक वेळी पाण्याचा आकडा, धातूचा आकडा, बाहेरचं तापमान, गिअर. गाडी भरलेली असू द्या, रिकाम्या गाडीची नोंद फसवते.

बाहेरचं तापमान लिहा म्हणतो त्याला ठोस कारण आहे. थर्मोस्टॅट ८२ ला उघडू लागतो आणि साधारण ९५ ला पूर्ण उघडतो. तोपर्यंत तो तापमान सांभाळतो. एकदा पूर्ण उघडला की त्याच्या हातात काही उरत नाही, रेडिएटर आणि हवा यांच्यातल्या फरकावरच सगळं चालतं. तेव्हा बाहेर दहा अंश वाढले की पाणीही जवळपास दहा अंश चढतं. जानेवारीच्या सकाळी २४ अंशांत चोर्ल्याला ९६ दाखवणारी गाडी मे महिन्यात दुपारी ३४ ला १०६ दाखवेल. त्यात बिघाड काही नसेल, फक्त तिची क्षमता तिथे संपते. मग चढाई पहाटे करायची, किंवा रेडिएटर सुधारायचा. दमट हवेचं म्हणाल तर रेडिएटरला तिचा जवळपास काही फरक पडत नाही, घाम आपल्याला येतो.

घाटात पाण्यावर किती ताण येतो याचा अंदाज द्यायचा तर: साडेतीन टनांची गाडी सातशे मीटर वर न्यायला जेवढं काम लागतं, ढोबळमानानं तेवढीच उष्णता कूलंटमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत उकळीला आलेल्या दहा लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. हे सगळं त्या जुन्या रेडिएटरनं वाटेत हवेला द्यायचं असतं. आणि मोटरहोममध्ये त्याच्या वाटेत आपण काय काय उभं करतो! पुढे लावलेलं स्टेपनीचं चाक, सायकलींचा स्टँड, मोठाले दिवे, एसीचा कंडेन्सर. सावर्डे-कुडचडे बाजूनं फिरलेल्या गाडीच्या जाळीत खाणीची लाल धूळ अशी बसते की पुढून रेडिएटर स्वच्छ दिसतो आणि कंडेन्सर नि रेडिएटर यांच्या फटीत जाडजूड थर. पाणी मागून पुढे मारा, कमी दाबानं, नाहीतर पात्या वाकतात. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटलं म्हणून काढून टाकलं असेल तर परत बसवा. त्याशिवाय पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो. ताज्या पाण्याची टाकी घाट चढताना भरलेली नको. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, वर पोचून भरता येतं. दहा लिटर स्वच्छ पाणी मात्र कॅनमध्ये ठेवा.

त्या कॅनमध्ये आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नको. आपल्या किनारपट्टीच्या विहिरींत खार असतो, आत लोह आणि क्षार. बॅटरीचं डिमिनरलाइज्ड पाणी वापरा. गोव्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं मला नेहमी विचारतात. गंज थांबवायला. आणि उकळी वर न्यायला. एवढी दोन कारणं पुरेत.

थर्मोस्टॅट काढू नका. तुमच्या मेकॅनिकचा हेतू चांगला असेल, ही सवय सगळीकडे आहे. पण या कुळातल्या इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली एक दुसरी चकती असते. तो उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधून जायला लागतं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा, आणि पाण्याचा बराचसा भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात. सपाटीवर गाडी थंड राहते, घाटात आधीपेक्षा जास्त तापते. थंड चालणारं डिझेल इंजिन जास्त झिजतं, जास्त खातं, तेही वेगळंच. नवा थर्मोस्टॅट घ्या, बसवण्याआधी त्याच तपासणीच्या भांड्यात टांगून तो कितीला हलायला लागतो ते डोळ्यांनी पाहा.

वहीत नोंदी साठल्या की त्या बोलायला लागतात. म्हापशाच्या बाजारात ट्रॅफिकमध्ये आकडा चढतो आणि हायवेला उतरतो: हवेचा प्रश्न, म्हणजे पंखा, बेल्ट, व्हिस्कस कपलिंग (पंख्याला फिरवणारा जोड). उलट, शहरात ठीक आणि वेग घेतला की चढतो: पाण्याचा प्रश्न, रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आहेत किंवा खालचा होज ओढीनं चिमटतोय. सुरू केल्यावर पाच मिनिटांत भसकन वर: थर्मोस्टॅट अडकलाय, हवा अडकलीय, किंवा गॅस्केट. सकाळी गार इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा होज लगेच टणक झाला तर गॅस्केटच, कारण एवढ्यात पाणी तापून दाब येऊ शकत नाही. आकडा सारखा वर-खाली नाचत असेल तर आत हवा आहे. गाडीचं तोंड चढाला लावा, हीटरचा नळ उघडा, सावकाश भरा. तुमचं हेड नुकतंच उघडलं होतं, तेव्हा पहिल्या काही दिवसांत ही हवा निघत राहील आणि पातळी थोडी उतरेल. रोज बघा.

एक स्वस्त हत्यार जरूर घ्या: इन्फ्रारेड गन. बुजलेला रेडिएटर तिच्यानं दोन मिनिटांत सापडतो, गरम जाळीवर फिरवत गेलं की थंड पट्टे दिसतात. पण चकचकीत धातूवर ती साफ चुकते, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर खऱ्यापेक्षा तीस-चाळीस अंश कमीही दाखवेल. जिथे मोजायचं तिथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा मॅट ठिपका द्या आणि कायम तिथेच मोजा.

चढाईला आकड्यापेक्षा तो किती वेगानं चढतोय ते बघा. ९८ वर पाच मिनिटं स्थिर असलेली गाडी मला चालते. ९० वरून ९६ ला अर्ध्या मिनिटात आलेली चालत नाही. गिअर आधीच खाली घ्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत ओढलं की वॉटर पंप आणि पंखा दोन्ही मंद फिरतात आणि उष्णता मात्र तेवढीच. बझर वाजला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, चार-पाच अंश सहज खेचतो. कडेला घेतल्यावर पातळीचा बझर वाजत नसेल आणि वाफ नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये, आयडलपेक्षा थोडं वर दोन-तीन मिनिटं फिरू द्या, आकडा खाली येतो. एकदम बंद केलं तर पाणी थांबतं, धातूतली उष्णता त्या थांबलेल्या पाण्यात उतरते आणि आकडा आणखी पाच-सात अंश चढतो. चांगल्या गाडीतही घाटानंतर बंद केल्यावर हे दिसतं, तेव्हा त्याला घाबरू नका.

पातळीचा बझर वाजला असेल, वाफ दिसत असेल, किंवा पाणी खाली आणि धातू वर असं अंतर वाढलं असेल, तर मात्र त्याच सेकंदाला चावी बंद, उतारावर असाल तर आधी गाडी सुरक्षित थांबवून. पाणी नसताना फिरवणं म्हणजे हेडवर हातोडा घालणं. कॅपला हात लावू नका, आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असतं आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. वरचा होज हातात सहज धरता येईल इतका निवू द्या, याला पाऊण तास तरी लागतो. मग जाड कापड टाकून कॅप पहिल्या खाचेपर्यंत, दाब गेला की पूर्ण. गरम, कोरड्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो, म्हणून निवल्यावरही थोडं थोडं भरा.

कुठून गळलं ते सापडलं, क्लिप आवळली, पाणी भरलं, तरी चावी फिरवण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइलला दुधट, चहासारखा रंग आला असेल किंवा पातळी आधीपेक्षा वर असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. बेअरिंगांना ते चालत नाही. अशा वेळी माथ्यावरून बेळगावकडे किंवा खाली साखळीकडे, जिथून जवळ पडेल तिथून क्रेन बोलवा. पट्टी स्वच्छ असेल तर सुरू करा, कॅप बंद करण्याआधी रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे सलग येतायत का ते मिनिटभर पाहा, आणि येत नसतील तर वळून हळूहळू खाली उतरा. उतारावर इंजिनला फारसं काम नसतं. साखळीला पोचून पुन्हा पातळी पाहा, आणि त्या दिवशी परत चढाईला लागू नका.